समुद्राचं पाणी : निरंक

लातूरच्या एमआयडीसीतली एक डाळमिल. ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची खोली, आणि तिथल्या सगळ्या फायलींवर तुरीच्या चुनीचा बारीक थर. हिशेब बघणाऱ्या मुलानं छापून काढलेला एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिलीचं टोक एका रकान्यावर टेकवलं. पाणी कुठून घेता? नदी-तलावाचं, जमिनीतलं, त्रयस्थाकडून घेतलेलं, समुद्राचं किंवा क्षार काढलेलं, इतर.

लातूरकराला समुद्र बघायचा तर रात्रीची मुंबई गाडी पकडावी लागते. मुलानं त्या ओळीपुढे सुवाच्य अक्षरात ‘निरंक’ लिहिलं. “रिकामं सोडलं की परत पाठवायलेत सर,” तो म्हणाला.

‘त्रयस्थाचं पाणी’ म्हणजे आपला टँकर, हे त्याला दोन दिवसांनी उमगलं होतं. मग त्यानं टँकरच्या पावत्या काढल्या. पावतीवर लिटर नव्हते, ‘१ गाडी’ एवढंच होतं. गाडी केवढी, हे टँकरवाल्याला फोन करून विचारावं लागलं. एप्रिल २०१६मध्ये याच शहरात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा घराघरांत पाणी घागरीनं मोजलं जात होतं. मिलमध्ये तुरीला पाणी-तेल लावायचं, आवार धुवायचं, कामगारांनी प्यायचं, तरी ते मोजायची गरज तिथं कुणाला पडली नव्हती. ती पाडली या फॉर्मनं.

आता ही मिल काही शेअर बाजारात नाही. पण तिची डाळ पॅकेटात भरून विकणारी कंपनी आहे. सेबीनं २०२१ साली ‘बीआरएसआर’ नावाचा अहवाल आणला आणि २०२२-२३पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार कंपन्यांना तो सक्तीचा केला. वीज किती, पाणी किती, कचरा कुठं जातो, बायका किती, अपघात किती. २०२३मध्ये कंपन्यांना पर्यावरण-समाज-कारभाराचे गुण देणाऱ्या संस्थांनाही सेबीकडे नोंदणी करावी लागू लागली. त्याच वर्षी पुरवठादारांचीही माहिती मागण्याचं ठरलं. पुढं त्यातही असं ठरलं की कंपनीच्या एकूण खरेदी-विक्रीत ज्याचा वाटा किमान दोन टक्के, तोच पुरवठादार मोजायचा. या मिलचा वाटा दोन टक्के असेल असं मालकालाही वाटत नव्हतं. फॉर्म तरीही आला. खरेदी विभागातल्या कुणीतरी यादीतल्या झाडून सगळ्यांना पाठवला असणार.

हा मुलगा लातूर पॅटर्नमध्ये शिकलेला. जुने पेपर सोडवायचे, कोणत्या मुद्द्याला किती गुण ते पाहायचं आणि उत्तर त्याच क्रमानं लिहायचं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. फॉर्म हातात आल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं, तर कंपनीकडून गुणपद्धत मागवून घेतली. धोरण लिहिलेलं असलं की गुण, भिंतीवर लावलं की गुण. दुपारपर्यंत ऑफिसात तीन धोरणं फ्रेम करून लागली, त्यातलं एक इंग्रजीत. गोण्या शिवणाऱ्या बायकांना मी त्याबद्दल विचारलं, तर त्या हसल्या.

मी हसणार होतो. पण पाण्याला मीटर असला तर जास्त गुण होते, म्हणून मालकानं बोअरवर मीटर बसवला होता. एका रविवारी मिल बंद असतानाही काटा फिरताना दिसला. आवाराच्या मागं जमिनीखालचा पाइप कधीपासून गळत होता कोण जाणे. तो दुरुस्त झाला. मार्च २०२५मध्ये सेबीनं पुरवठादारांची ती माहिती ऐच्छिक करून टाकली, कंपनीचे स्मरणाचे ईमेल थंडावले, तरी मुलगा रोज सकाळी मीटर वाचतो. फ्रेममधली धोरणं मात्र चुनीखाली अस्पष्ट होत चालली आहेत.

कंपन्यांना गुण देणाऱ्या परीक्षकांचंही एकमत नसतं. एमआयटीच्या संशोधकांनी सहा मानांकन संस्थांचे गुण एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा सरासरी सहसंबंध ०.५४ निघाला. म्हणजे एका परीक्षकाकडं हुशार ठरलेली कंपनी दुसऱ्याकडं काठावर पास. लातूरला हे चाललं नसतं; फेरतपासणीचे अर्ज गेले असते.

लातूरहून लोह्यामार्गे नांदेड, तिथून भोकर. डाळीच्या फॉर्मपेक्षा जुनी गोष्ट इथं कापसात बघायला मिळते. मोठे कपडे-ब्रँड आपल्या अहवालात छापतात की आमचा इतका टक्के कापूस शाश्वत मार्गानं पिकलेला आहे. त्या टक्क्याचं एक मूळ या काळ्या रानात असतं, ज्याला गावात नुसतं ‘बीसीआय’ म्हणतात. बेटर कॉटन इनिशिएटिव्ह. २००५च्या सुमारास जागतिक पातळीवर त्याची बोलणी सुरू झाली, २०११मध्ये भारतात पहिलं पीक निघालं. परवाना एकट्या शेतकऱ्याला मिळत नाही. तो साडेतीन-चार हजार शेतकऱ्यांच्या गटाला मिळतो, आणि गावोगाव हिंडून त्यांच्या वह्या तपासणारा पोरगा असतो फील्ड फॅसिलिटेटर.

त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मी एक दिवस हिंडलो. कृषीची पदविका झालेला, डोक्याला रुमाल, पिशवीत वह्यांचा गठ्ठा. बांधावर बसून तो विचारतो आणि लिहितो. पेरणी कधी? खत किती? कामगंध सापळे किती लावले? निंबोळी अर्क मारला का? कोणतं औषध, किती पंप? शेतकऱ्याला तारखा आठवत नाहीत. “पोळ्याच्या आदल्या दिवशी मारलं बघा,” असं तो सांगतो; पोरगा मोबाइलवर पोळा शोधतो आणि तारीख टाकतो.

औषधाच्या रकान्यावर मात्र तो रेंगाळतो. मोनोक्रोटोफॉस, गावच्या बोलीत ‘मोनो’, स्वस्त आणि झटक्यात लागू पडणारं. जागतिक आरोग्य संघटनेनं ते अतिघातक गटात टाकलेलं आहे आणि बीसीआयच्या यादीत ते चालत नाही. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळात २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, ते इथं कुणी विसरलेलं नाही. तरी एका परदेशी ब्रँडचा टक्का सांभाळायला म्हणून का होईना, कुणीतरी दर पंधरवड्याला येऊन ‘मोनो मारलं का’ असं तोंडावर विचारतं, याचा परिणाम मी पाहिला. एका घरी पडवीतल्या फळीवर रिकाम्या बाटल्या दिसल्या. पोरानं त्या मोजल्या, लेबलं वाचली आणि तिथल्या तिथं खिळ्यानं भोकं पाडायला लावली, कुणी त्यात तेल भरू नये म्हणून.

जिनिंगवर वेगळाच खेळ. शेतापासून जिनापर्यंत हा कापूस वेगळा ठेवायचा: वेगळा ढीग, वेगळी पाटी, १७० किलोच्या गाठींना वेगळे नंबर. आवारात ओढणीचा धागा, केस, गुटख्याची पुडी सापडली तर वेचून काढायला दोन बायका बसवलेल्या. एवढं सोवळं पाळल्यावर गाठ सूतगिरणीला गेली की जुन्या पद्धतीत ती कुठल्याही कापसात मिसळली तरी चालतं. पुढं कागद फिरतो, कापूस नाही. जेवढा घेतला तेवढ्याचे हक्क, म्हणजे ‘युनिट’, विकायचे. ते विकत घेणाऱ्या ब्रँडच्या शर्टात भोकरचं बोंड असेलच असं नाही. माग काढता येणारा कापूस २०२३नंतर वेगळा विकला जाऊ लागला, पण जिनातल्या माणसाच्या तोंडी अजून ‘युनिट चढवले का’ हाच प्रश्न.

आणि भाव? लांब धाग्याचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. वहीवाल्या शेतकऱ्यालाही तोच, बिनवहीवाल्यालाही तोच, आणि व्यापाऱ्याकडं दोघांनाही त्याहून कमी. बीसीआय जादा भावाची हमी देत नाही. खर्च कमी होईल, एवढंच म्हणतं. तो कमी होतोही. पण पट्टी घेताना शेतकरी पोराकडं ज्या नजरेनं बघतो, ती नजर पोरगा चुकवतो.

त्या दुपारी शेवटचं शेत होतं वेचणीचं. सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं काळी पडलेली, वर पांढरं. सहा बाया ओळीनं, कमरेला सुती ओटी, केसांवर फडकं. फडकं आहे म्हणून पोरानं टिक केली, मग लिहिलं: मजूर, स्त्री, ६. त्यातल्या म्हातारीनं वहीत डोकावून विचारलं, “माझं नाव लिवलं का रं?”

“नाव लागत नाही मावशी. संख्या लागते.”

उन्हं कलल्यावर बांधावर ताणकाटा बाभळीला टांगला गेला. शेतकऱ्याची बायको आपल्या लेकाच्या चौथीच्या वहीत मागल्या पानावर लिहू लागली. एकेक नाव, त्यापुढं किलो. वजन भरेल तशी मजुरी, त्यामुळं काटा थांबेपर्यंत कुणी बोलत नव्हतं. म्हातारीची ओटी चौतीसवर थांबली. ओल आहे म्हणून दोन किलो घट, असं मालकीण म्हणाली. म्हातारी म्हणाली, एकच धर. बराच वेळ चाललं. शेवटी दीड लिहिलं गेलं.

फॅसिलिटेटर मोटारसायकल चालू करून उभा होता. त्याला अजून दोन वह्या भरायच्या होत्या.