दोन तारा आणि साठ ओहम

नागपूर–भंडारा महामार्गावर मौद्याजवळ एखादी नवी मोटार अडली आणि तिच्या फलकावरचे बरेच दिवे एकदम लागले, तर सारेच बिघडले असे आपण समजू नये. दोष कदाचित दोन तारांत असेल.

आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक यांचे छोटे संगणक पीळ दिलेल्या दोन तारांवरून एकमेकांना निरोप धाडतात. ही ‘कॅन’ पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली मांडली. निरोप टोकावरून उलटा फिरू नये म्हणून बहुतेक मोटारींत दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. रोध समांतर, म्हणून बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजल्यास ६० ओहम यावेत. १२० आले, तर तार कुठेतरी तुटली किंवा एक रोध गेला. शून्याजवळ आले, तर तारा एकमेकींना चिकटल्या. मात्र तार सांगाड्याला टेकली तरी ६०च दिसतात. म्हणून प्रत्येक तार आणि सांगाडा यांमध्येही मोजायला हवे. एवढे न करता महागडा संगणक बदलला, तर पैसे जातात, दोष राहतो.

दोन रोध, तारा आणि मल्टीमीटर घेऊन हे वर्गात करता येईल. एकाने गुपचूप दोष घडवावा; इतरांनी आकड्यावरून तो ओळखावा.