श्वासाच्या पेटीची निगा

धाप लागलेल्या लहान जनावराला त्याच्याशी झोंबाझोंबी न करता प्राणवायू मिळावा, यासाठी पशुवैद्यकात जी बंदिस्त पेटी वापरली जाते, तिला ऑक्सिजन पिंजरा म्हणतात. तोंडावर मुखवटा धरला की मांजर किंवा कुत्र्याचे पिलू तो झटकू लागते, आणि त्या धडपडीत त्याची प्राणवायूची गरज आणखी वाढते. पिंजऱ्यात मात्र ते मोकळे बसते आणि भोवतालची हवाच औषध होते. बाहेरच्या हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे 21 टक्के असते, तर पिंजऱ्यात ते सामान्यतः 40 ते 60 टक्क्यांदरम्यान राखले जाते. त्याहून अधिक तीव्रता दिवसभरापेक्षा जास्त काळ राहिली, तर फुप्फुसांच्या नाजूक आवरणाला इजा होण्याची भीती असते. परंतु हवा बाहेर जाऊ न देणारी ही पेटी आजारी जनावराने टाकलेले सर्व काही, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, अंगाची उष्णता, लाळ, मूत्र आणि जंतू, हेही आतच साठवते. म्हणून तिची सफाई हा उपचाराचाच भाग आहे, आणि ती करणारा परिचर हाही उपचार करणाऱ्यांपैकीच एक मानला पाहिजे.

अशी पेटी ग्रामीण भागात कशी टिकेल याचे उदाहरण घ्यायचे तर, बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे सर्वत्र परिचित आहे. भोवतालचा प्रदेश शेतीचा, आणि तेथील पशुधनाचा विचार करता या साधनाची मर्यादा आधी सांगितली पाहिजे: गाय, म्हैस किंवा बैल अशा पेटीत मावत नाहीत, त्यांना नाकातून नळी घालूनच प्राणवायू द्यावा लागतो, पिंजरा उपयोगी पडतो तो करडू, कोकरू, कुत्रे, मांजर आणि पक्षी यांना. या भागाला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था तुलनेने जवळ आहे. ती नागपूर येथे 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. तथापि असा पिंजरा विद्यापीठाच्या रुग्णालयात असो वा तालुक्याच्या दवाखान्यात, विदर्भातील ऊन, धूळ आणि जड पाणी यांना तोंड देतच तो टिकवावा लागतो, आणि शहरी परिस्थिती गृहीत धरून लिहिलेल्या माहितीपुस्तिकेत या तिन्हींचा पुरेसा विचार असेलच असे नाही.

सफाईचा क्रम चुकला की सफाईच घातक ठरते. मूत्रात अमोनिया असतो आणि निर्जंतुकीकरणासाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे बोलीभाषेतले ब्लीच, अमोनियाशी मिसळले की क्लोरामाइन हा श्वासनलिका जाळणारा वायू तयार होतो. त्यामुळे आधी घाण पुसून, साबणाच्या पाण्याने पेटी धुऊन, मगच ब्लीच लावावे लागते. घाणीचा थर राहिला तर ब्लीचची शक्ती त्याच्यावरच खर्च होते, हेही त्यामागचे कारण आहे. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेल्या कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूवर अल्कोहोल किंवा नेहमीची फरशी पुसण्याची जंतुनाशके पुरेशी पडत नाहीत. त्यासाठी सुमारे 5 टक्के तीव्रतेचे ब्लीच 1 भागास 30 भाग पाणी या प्रमाणात घेऊन पृष्ठभाग 10 मिनिटे ओला ठेवावा लागतो. त्यानंतर स्वच्छ पाण्याने धुणे अनिवार्य आहे, कारण राहिलेले ब्लीच स्टेनलेस स्टीललाही खाते आणि त्याचा दर्प पुढच्या रुग्णाच्या छातीत जातो. दरवाजा बहुधा ॲक्रिलिकचा असतो, आणि त्याच्यावर स्पिरिट फिरवले तर आत केसासारख्या बारीक भेगा पडून तो धुरकट होतो. आतले जनावर दिसेनासे झाले, तर पिंजऱ्याचा निम्मा उपयोग संपला. त्यासाठी सौम्य साबण, पाणी आणि मऊ सुती कापड एवढेच पुरे.

कुरकुरणाऱ्या बिजागरीवर तेलाचा थेंब सोडण्याची सवय घरोघरी असते. ती येथे जिवावर बेतू शकते. दाबाखालील प्राणवायू तेलाच्या किंवा ग्रीसच्या संपर्कात आला की ते पेट घेऊ शकते, म्हणून रेग्युलेटर, झडपा आणि सिलिंडरचे तोंड यांना तेलकट हातही लागता कामा नये.

ओलाव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बाटलीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घातले तर क्षारांचे पांढरे थर जमून छिद्रे बुजतात, आणि तेच पाणी दिवसेंदिवस राहिले तर त्यात जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो. त्यामुळे ऊर्ध्वपातित पाणी रोज बदलणे आणि बाटली धुऊन कोरडी करणे हाच उपाय. हवेतून नायट्रोजन वेगळा करून सुमारे 93 टक्के प्राणवायू देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरमध्ये झिओलाइट नावाचे खनिज असते, ज्याला धूळ आणि दमटपणा दोन्ही सोसत नाहीत. सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसा हवेत तरंगतो, आणि अशा दिवसांत एरवी आठवड्याने धुतली जाणारी गाळणी रोज तपासणे शहाणपणाचे. वीज गेली की हे यंत्र थांबते, म्हणून भरलेले सिलिंडर हाताशी हवे; 1500 लिटरचे लहान सिलिंडर मिनिटाला 5 लिटर या गतीने 5 तास पुरते.

कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम वापरताना एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: जांभळा झालेला, म्हणजे निकामी झालेला, साठा रात्रभर पडून राहिला की पुन्हा पांढरा दिसू लागतो, पण त्याची शक्ती परत आलेली नसते, म्हणून रंगावर विसंबण्याऐवजी बदलल्याची तारीख डब्यावर लिहिलेली असावी. उन्हाळ्यात पिंजऱ्याची उष्णताही तितकीच धोकादायक, कारण धापत असलेले कुत्रे बंद हवेत स्वतःला थंड करू शकत नाही.

धुऊन वाळवलेला पिंजरा पुढच्या रुग्णासाठी देण्यापूर्वी प्राणवायूमापकाची परीक्षा होते. त्यातील संवेदक मोकळ्या हवेत 21 दाखवतो की नाही हे पाहून, दार लावून वायू सोडला जातो आणि आकडा 40 पर्यंत चढायला किती वेळ लागला ते नोंदवहीत लिहिले जाते. कालच्यापेक्षा वेळ वाढला असेल तर दाराभोवतीची रबरी पट्टी कुठेतरी सैल झाली आहे असे समजून ती बोटाने चाचपली जाते, आणि गळती सापडून बुजेपर्यंत दारावर ‘वापरू नये’ अशी पाटी राहते.