सातव्या महिन्यात कळा आल्या तर

सातव्या महिन्यात कळा आल्या की घरातली मोठी माणसे म्हणतात, "सकाळपर्यंत बघू." हे थांबणे बाळाच्या श्वासावर बेतू शकते.

फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे मिटू न देणारा स्निग्ध थर साधारण चौतिसाव्या आठवड्यानंतरच पुरेसा तयार होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वास घेणे जड जाते. 'आयजीएफ-१' हे वाढीचे प्रथिनही अवेळी जन्मताच रक्तात घटते. ते शिरेतून देऊन फुप्फुसांना बळ देण्याचे प्रयोग परदेशात झाले आहेत. पण तो अजून नेहमीचा उपचार नाही.

हाताशी आहे ते आईला द्यायचे स्वस्त इंजेक्शन, डेक्सामेथासोन. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत २,८५२ मातांवर केलेल्या अभ्यासात (२०२०) इंजेक्शन घेतलेल्या दर २५ मातांमागे एक बाळ जास्त वाचले. बेळगावच्या माताही त्यात होत्या.

बारा-बारा तासांनी चार मात्रा, त्याही प्रसूतीआधी. वणी-उमरखेडहून यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात पोहोचायलाच दोनेक तास जातात. म्हणून सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्यांदा महिना सांगा.