निळा रंग आला म्हणजे संयुग ओळखलं?

चेन्नईतल्या एम.एस्सी.च्या मुलांच्या औषधी वनस्पतींवरच्या प्रकल्पांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘सेजच्या अर्कात फोलिन-सिओकाल्टू रिएजंट घातल्यावर निळा रंग आला, त्यावरून त्यातली फिनॉलिक संयुगं ओळखली.’

नाही, ओळखली नाहीत!

फोलिन आणि सिओकाल्टू यांनी हे रिएजंट १९२७ साली मांडलं ते प्रथिनांतली टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं मोजायला. वाइनमधली फिनॉल मोजण्यासाठी सिंगलटन आणि रॉसी यांनी ते १९६५ साली बेतून घेतलं. या रिएजंटमधल्या मॉलिब्डेनम-टंगस्टनला जो इलेक्ट्रॉन देईल, तो निळा रंग देईल. क-जीवनसत्त्व देतं, काही साखराही देतात. अहवालात ‘गॅलिक आम्लाच्या तुल्य’ असा आकडा येतो, तो फक्त मोजपट्टीचा. पानात गॅलिक आम्ल आहे, असं तो सांगत नाही. तेव्हा ‘एकूण फिनॉलिक प्रमाणाचा अंदाज’ लिहा, कुणाची हरकत नाही. ‘ओळख’ लिहू नका.

ओळख पटवायची तर आधी घटक वेगळे करावे लागतात, एचपीएलसीवर. सेजमधलं ठळक फिनॉलिक म्हणजे रोझमॅरिनिक आम्ल. ते ३३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, ऋण आयनांच्या मास स्पेक्ट्रममध्ये ३५९ वर दिसतं आणि फुटल्यावर १९७, १७९, १६१ असे तुकडे देतं. एवढ्यावरही थांबू नये, कारण नुसतं वस्तुमान फसवतं. ल्युटिओलिन आणि केम्फेरॉल या दोघांचं रेणुसूत्र एकच, दोन्ही २८५ वर येतात. म्हणून शुद्ध स्टँडर्ड त्याच कॉलमवर, त्याच परिस्थितीत चालवून ताडून पाहायचं. सम्नर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ओळखीचे चार स्तर ठरवले, त्यात स्टँडर्डशिवायची ओळख ‘तात्पुरती’च धरली आहे. संयुग नवीन वाटलं तर एनएमआर हवंच. आयआयटी मद्रासच्या ‘सैफ’ केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही नमुने देता येतात, मग अडतं कुठे?

‘जीसी-एमएसमध्ये रोझमॅरिनिक आम्ल सापडलं नाही, म्हणजे ते नाही’ हेही चूक. ते वाफ होऊन उडतच नाही. आधी सिलिल गट जोडून घ्यावे लागतात. यंत्रातल्या स्पेक्ट्रम-लायब्ररीने सुचवलेल्या नावांची यादी जशीच्या तशी तक्त्यात उतरवणं तर थांबलंच पाहिजे.

रोझमॅरिनिक आम्ल मिळालं म्हणून पान सेजचंच ठरत नाही. ते तुळशीत आणि पुदिन्यातही असतं, सगळी एकाच कुळातली. सेजचा उग्र वास फिनॉलिकांचा नव्हे, तो थुजोन, सिनिओल आणि कापराचा. आणि परीक्षानळीतला अँटिऑक्सिडंट आकडा म्हणजे शरीरातला गुण नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने असे ‘ओरॅक’ आकडे २०१२ मध्ये याच कारणाने संकेतस्थळावरून काढून टाकले.