हंगाम कशाला म्हणायचं? छोट्या महाविद्यालयांचं बास्केटबॉल आणि आपण

(उत्तन येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय फलकावर वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाला बास्केटबॉलमध्ये काय कळतं! प्रश्न योग्य आहे. चेंडू बास्केटमध्ये कसा टाकावा हे मी तुम्हाला शिकवू शकणार नाही. मला बोलायचंय ते बघणाऱ्याबद्दल. एखाद्या छोट्या, कुणाला फारशा माहीत नसलेल्या महाविद्यालयाच्या संघाला चार महिने धरून राहणं, त्याच्या मागे जाणं, म्हणजे नेमकं काय? आणि आपल्याकडे ते का होत नाही?

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘हंगाम’. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. उत्तनमध्ये तो समजावून सांगायची गरजच नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ जातो आणि मग हंगाम सुरू होतो. एक दिवस जाळं रिकामं आलं म्हणून कुणी हंगाम संपला असं म्हणत नाही. एक दिवस होडी भरून म्हावरं आलं म्हणून कुणी हंगाम जिंकला असंही म्हणत नाही. हिशेब शेवटी होतो, सगळे दिवस मिळून होतो. हंगाम म्हणजे ज्यात ‘पुन्हा’ला जागा आहे असा काळ. एवढी व्याख्या आपल्याला आज पुरेल.

आता खेळाकडे येऊ. बास्केटबॉल हा फार थोड्या खेळांपैकी एक आहे, ज्याचा जन्म कधी, कुठे आणि कुणाच्या हातून झाला हे नक्की सांगता येतं. डिसेंबर १८९१, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफील्ड, आणि जेम्स नेस्मिथ हे शिक्षक. हिवाळ्यात मुलांना बाहेर खेळता येत नव्हतं, आत कोंडून ती कंटाळली होती. नेस्मिथ यांनी पीच फळांच्या टोपल्या सज्जाला टांगल्या, १३ नियम लिहिले आणि खेळ सुरू केला. वर्गात १८ मुलं होती, म्हणून एका बाजूला नऊ. पहिल्या सामन्यात मिळून एकच टोपली पडली! हेच नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाले, आणि त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत ज्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त आहेत असे ते एकटेच. खेळ निर्माण करणारा माणूस हरणाऱ्यांच्या यादीत! मला ही गोष्ट फार आवडते. त्यांच्या लेखी जिंकणं हा खेळाचा एक भाग होता, सगळा खेळ नव्हे.

अमेरिकेतलं महाविद्यालयीन बास्केटबॉल म्हटलं की आपल्याला दिसतात ती मोठी विद्यापीठं, हजारोंची गर्दी, टीव्हीचा पैसा. पण त्यांच्या रचनेत एक तिसरा विभागही आहे. १९७३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेने महाविद्यालयांचे तीन विभाग केले. तिसऱ्या विभागात आज ४०० हून अधिक संस्था आहेत आणि त्याचा मुख्य नियम असा, की खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. म्हणजे मुलगा खेळतो तो खेळायचंय म्हणून. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी निबंध, संध्याकाळी सराव.

ही महाविद्यालयं गटागटाने बांधलेली असतात. त्या गटाला ते ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. आपण ‘मंडल’ म्हणू. उदाहरणार्थ, न्यू इंग्लंडमधल्या छोट्या महाविद्यालयांचं एक मंडल १९७१ साली स्थापन झालं. त्यात ॲमहर्स्ट, विल्यम्स, बोडन, टफ्ट्स अशा ११ संस्था आहेत. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक संघ उरलेल्या दहांशी एकेकदा खेळतो. मंडलाबाहेरचे सामने धरून हंगामात साधारण २५ सामने होतात. नोव्हेंबरात सुरुवात, फेब्रुवारीच्या अखेरीस मंडलाची अंतिम स्पर्धा, आणि ती जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. या मंडलातल्या ॲमहर्स्टने २००७ आणि २०१३ मध्ये, तर विल्यम्सने २००३ मध्ये तिसऱ्या विभागाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. म्हणजे हे काही हौशी गोंधळाचं काम नाही, दर्जा उत्तम आहे.

मुलीकडे गेलो असताना दोन हिवाळे मी असे सामने पाहिले. सभागृह आपल्या एखाद्या मंगल कार्यालयाएवढं. खेळाडूंचे आईवडील, वसतिगृहातली मुलं, गावातली निवृत्त मंडळी. माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा प्रत्येक सामन्यानंतर खिशातून वही काढून गुणतक्ता मांडायचे. त्यांचा कुणी नातू संघात नव्हता. मी विचारलं, मग का येता? ते म्हणाले, डिसेंबरमध्ये ज्या मुलाच्या हातून चेंडू सुटत होता, त्याचं फेब्रुवारीत काय होतं ते बघायचंय.

मंडळी, या उत्तरात आजचं निम्मं व्याख्यान आहे. एक सामना पाहिला तर निकाल कळतो. हंगाम पाहिला तर माणूस कळतो. कोण दुखापतीतून परत आला, कोण दुसऱ्याच्या मैदानावर बिथरतो, कोण हरत असतानाही मागे धावत जाऊन बचाव करतो, हे एका संध्याकाळी दिसत नाही.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. स्पर्धेच्या दोन पद्धती. एक ‘बाद’, दुसरी ‘साखळी’. मराठीत या दोन शब्दांनी सगळं सांगितलेलंच आहे. एकीत हरलेल्याला काढून टाकतात, दुसरीत सगळ्यांना जोडून ठेवतात. समजा ६४ संघ आहेत. बाद पद्धतीत ६३ सामन्यांत विजेता मिळतो, कारण प्रत्येक सामना एकाला घरी पाठवतो. त्यात ३२ संघ वर्षातून एकच सामना खेळतात, आणखी १६ संघ दोन. म्हणजे ६४ पैकी ४८ संघांचं वर्ष फार तर दोन सामन्यांत आटोपतं. हेच ६४ संघ साखळीत खेळवायचे तर २०१६ सामने लागतील. ते कुणालाच शक्य नाही. म्हणून तर मंडलं! संघ थोडे आणि जवळपासचे घ्या. ११ संघांना ५५ सामने पुरतात, आठ संघांना २८.

आपल्या विद्यापीठांतली आंतरमहाविद्यालयीन रचना कशी आहे? बहुतेक खेळांत आधी विभागीय फेरी, तीही बरेचदा बाद पद्धतीची, मग आंतरविभागीय. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागात खेळतो आणि तिथे वरच्या क्रमांकांत आला तर अखिल भारतीय स्पर्धेत जातो. सर्वोत्तम विद्यापीठाला १९५६-५७ पासून मौलाना आझाद करंडक आहे. ही रचना वाईट नाही. ती चाळणी आहे आणि चाळणीचं काम ती चोख करते. तिचा प्रश्न एकच: सर्वोत्तम कोण? पण चाळणीला खाली पडलेल्या दाण्यांशी देणंघेणं नसतं. भाईंदरच्या, वसईच्या, पालघरच्या एखाद्या छोट्या महाविद्यालयाचा मुलगा सर्वोत्तम नसणार, हे त्यालाही ठाऊक असतं. तो दोन महिने पहाटे सराव करतो, एका सकाळी लोकल बदलून कुठल्या तरी लांबच्या मैदानावर जातो, तगड्या संघाकडून हरतो, आणि दुपारी घरी. वर्ष संपलं. मी शिकवत होतो तेव्हा असे विद्यार्थी माझ्या वर्गात असायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं की म्हणायचे, “सर, हरलो.” पुढे सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसायचं. हरलो, पण पुढच्या शनिवारी परत आहे, असं म्हणण्याची सोयच नव्हती.

आणि त्यांच्या मागे जाणारं तरी कोण असणार? जे एका सकाळीच संपतं त्याच्या मागे जाता येत नाही. प्रेक्षक नाहीत म्हणून आपण मुलांना, समाजाला दोष देतो. पण प्रेक्षक तयार व्हायलाही हंगाम लागतो. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली. कबड्डी काही नवी नव्हती. आपल्याकडे गल्लोगल्ली संघ होते, बुवा साळवींसारख्यांनी आयुष्य वेचलं होतं. पण तोच संघ आठवड्यात पुन्हा दिसतो, गुणतक्त्यात वरखाली होतो, तेव्हा घरातल्या आजीलाही चढाईपटूंची नावं पाठ झाली.

आता तुम्ही म्हणाल, यात तत्त्वज्ञान कुठे आहे? सिसरोने पायथागोरसची एक गोष्ट सांगितली आहे. ऑलिंपियाच्या जत्रेत तीन प्रकारची माणसं येतात, असं पायथागोरस म्हणाला. काही मुकुटासाठी खेळायला, काही खरेदी-विक्री करायला, आणि काही नुसती बघायला. त्याच्या मते बघणारे सर्वांत वरचे, आणि तत्त्वज्ञ त्यांच्यासारखा. मला हे अर्धंच पटतं. कारण त्याचा बघणारा अलिप्त आहे. आपल्या नाट्यशास्त्रात भरतमुनींनी प्रेक्षकाचा विचार वेगळ्या रीतीने केलाय. पात्र आनंदलं की जो आनंदतो, शोकात शोक करतो, तो खरा प्रेक्षक. प्रयोगाच्या सिद्धीच्या खुणाही त्यांनी दिल्या आहेत: प्रेक्षकांचं हसू, ‘साधु’ असे उद्गार, अंगावरचा रोमांच ही मानुषी सिद्धी, आणि भरलेलं प्रेक्षागृह निःशब्द होतं ती दैवी. म्हणजे प्रयोग पुरा होतो तो प्रेक्षकात. खेळाचंही तसंच आहे, फक्त एक फरक आहे. नाटकाचा शेवट लिहिलेला असतो, खेळाचा नसतो. म्हणून खेळाच्या प्रेक्षकाला रसिकतेबरोबर आणखी एक गुण लागतो: निष्ठा. पुढे काय होणार हे माहीत नसताना थांबून राहण्याची तयारी.

या निष्ठेचं टोकाचं उदाहरण सांगतो. कॅलिफोर्नियातलं कॅल्टेक. विज्ञानातली जगातली एक अव्वल संस्था, आणि बास्केटबॉलमध्ये तिसऱ्या विभागातली. १९८५ नंतर हा संघ आपल्या मंडलात सलग ३१० सामने हरला. तीनशे दहा! पहिला पराभव झाला तेव्हा पुढचे बहुतेक खेळाडू जन्मलेही नव्हते. शेवटी २२ फेब्रुवारी २०११ रोजी, हंगामाच्या अखेरच्या सामन्यात, त्यांनी ऑक्सिडेंटल महाविद्यालयाला ४६-४५ असं हरवलं. एका गुणाने, तोही शेवटच्या काही सेकंदांतल्या फ्री थ्रोवर. प्रेक्षक धावत मैदानात उतरले.

विचार करा, बाद पद्धतीत ३१० वेळा हरता तरी येईल का? वर्षाला एक याप्रमाणे ३१० वर्षं लागतील! साखळीने त्यांना हरण्याचीही संधी दिली, दर आठवड्याला. आणि समोरचा संघही त्यांना टाळू शकत नव्हता. मंडलाचा करार असा असतो, की तू कितीही कच्चा असलास तरी मी तुझ्याकडे खेळायला येईन आणि तू माझ्याकडे. मला यात समतेचा एक साधा, रोजच्या वापरातला अर्थ दिसतो. समता म्हणजे सगळे सारखे जिंकतील असं नव्हे. सगळ्यांच्या तारखा पत्रकावर असतील, एवढंच.

तिकडचं सगळं उचलून आणा, असं मी म्हणत नाही. त्या महाविद्यालयांची फी आपल्या डोळ्यांसमोर काजवे चमकवेल. आणि बास्केटबॉल आपल्याला परकंही नाही. मुंबईत नागपाड्याला जाऊन बघा. तिथल्या नेबरहूड हाउसमध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ काम करत. तेच पुढे १९३६ साली आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. त्या दाट वस्तीत बास्केटबॉल रुजलं आणि तिथून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार, अर्जुन पुरस्काराचा मानकरी निघाला. जागा थोडी, पण मुलं रोज संध्याकाळी त्याच कोर्टावर. ‘पुन्हा’ तिथेही होतं.

तर माझी मागणी छोटी आहे. मिरा-भाईंदर ते पालघर या पट्ट्यातली आठ महाविद्यालयं एकत्र आली, तर एका फेरीला २८ सामने लागतात. शनिवारी चार सामने धरले तर सात शनिवार. दिवाळीनंतर सुरू करून परीक्षांच्या आत संपतं. एकच खेळ घ्या. बास्केटबॉल नको तर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल घ्या. विद्यापीठाची चाळणी तिच्या जागी राहू दे, ही साखळी तिच्या शेजारी चालेल.

अडचणी मला माहीत आहेत. सत्र पद्धतीत वेळ नाही. पण सात शनिवार म्हणजे सात अर्धे दिवस, आणि नव्या शैक्षणिक धोरणात खेळासारख्या उपक्रमांना श्रेयांक देण्याची सोय आहे. पैसे नाहीत. बरोबर, पण सगळी महाविद्यालयं एकाच रेल्वेमार्गाच्या आसपास आहेत, खर्च तिकिटाचा आणि पंचांच्या मानधनाचा. मैदान सगळ्यांकडे नाही. ज्या तिघा-चौघांकडे आहे त्यांनी यजमान व्हावं. चौथी अडचण खरी आहे: सतत हरणारा संघ मध्येच सोडून देईल. त्यासाठी प्राचार्यांनी आधी सही करायची, की सातव्या शनिवारपर्यंत आमचा संघ मैदानावर दिसेल. पाचच खेळाडू उरले तरी. एवढी एक अट पाळली, तर बाकी व्यवस्था हळूहळू होते.

आणि तुम्ही, इथे बसलेले निवृत्त लोक! तुमच्याकडे वेळ आहे, वही आहे. एक संघ निवडा. तुमच्या नातवाचा नसला तर अधिक बरं. सातही शनिवार जा आणि गुणतक्ता मांडा. तिसऱ्या शनिवारी ती मुलं तुम्हाला ओळखायला लागतील. पाचव्या शनिवारी एखादा हरलेला मुलगा येऊन विचारेल, “काका, पुढच्या शनिवारी येणार ना?”

त्याला काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आता प्रश्न विचारायचे असतील तर विचारा.