चाकांची अदलाबदल आणि दिव्याची साक्ष

मोटारीचीं चारही चाकें सारखीं झिजत नाहींत. ज्या गाडीस पुढचीं चाकें ओढतात, तिचे पुढचे टायर लवकर झिजतात. म्हणून ठराविक अंतर धांवल्यावर पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें घालण्याची चाल आहे. या साध्या कृत्यामुळें आमच्यावर जो प्रसंग आला, तो वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटतें.

अदलाबदल करवून आठवडा झाला नाहीं, तोंच आम्ही मुलाबाळांसह कोंकणांत निघालों. घाट उतरण्यापूर्वीं हवेच्या दाबाचा दिवा लागला व पडद्यावर पुढील डावें चाक दिसलें. पेट्रोलपंपावर तें मोजविलें, तों हवा पुरेपूर! यंत्र खोटें बोलतें, असें म्हणून आम्ही निघणार, इतक्यांत सूनबाई म्हणाली, "मामंजी, उरलेलीं तीनही मोजूं या." मागील डाव्या चाकांत ३३ पौंडांऐवजीं २२ च पौंड हवा होती; टायरमध्यें खिळा रुतला होता.

यंत्र खोटें बोललें नव्हतें. त्याची हजेरीची वही मात्र जुनी होती. प्रत्येक चाकाच्या आंत एक बारीकसा मापक असतो. तो आपला क्रमांक व दाब बिनतारी लहरींनीं कळवितो, आणि कोणता क्रमांक कोठें आहे हें गाडी ध्यानांत ठेवते. मुलांनीं बांक बदलावे व गुरुजींनीं बांकावरून नांवें पुकारावीं, तसाच हा प्रकार झाला. कांहीं गाड्या थोडा प्रवास होतांच नवीं स्थानें आपणच ओळखतात. कांहींना तीं शिकवावीं लागतात.

दुसऱ्या कांहीं गाड्यांत चाकांमध्यें मापक नसतोच. हवा कमी झालेलें चाक किंचित् लहान होऊन अधिक वेगानें फिरतें; धुरावरून अग्नि ओळखावा, तसें तेथें वेगावरून अनुमान होतें. अशा गाडींत अदलाबदलीनंतर टायर थंड असतां योग्य हवा भरून, हेंच प्रमाण धर, असें यंत्रास नव्यानें सांगावें लागतें. पुढचा व मागचा दाब निरनिराळा सांगितला असेल, तर तोही नव्या स्थानाप्रमाणें भरावा.

अमेरिकेंत सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या मोटारींस हें यंत्र सक्तीचें आहे. तेथील नियमाप्रमाणें दाब २५ टक्के घटेपर्यंत दिवा लागलाच पाहिजे असें नाहीं. अर्थात् दिवा न लागणें हें हवा पुरेशी असल्याचें प्रमाण नव्हे. गाडी सुरू करतांना तो मिनिटभर लुकलुकून मग तसाच राहिला, तर दोष यंत्रांतच समजावा.

चाकें बदलणारास 'वही बदलली काय?' असें अवश्य विचारावें; आणि दिवा कोणतेंही चाक दाखवो, चारही मोजावीं. आम्ही तो घाट सुखरूप उतरलों, तो सूनबाईच्या एका वाक्यामुळें.