पेटीवरचं कॉम्प्रेशन, ब्लॉकमधलं कॉम्प्रेशन

‘पिस्टनच्या पेटीवर ११:१ लिहिलंय, म्हणजे कॉम्प्रेशन अकराचं झालं.’ दोन इंजिनांचे भाग जुळवून तिसरं इंजिन बांधायला निघालेल्यांच्या गप्पांत हे वाक्य इतक्या ठामपणे टाकलं जातं, की ऐकणारे माना डोलावतात. वाक्य चूक आहे, आणि त्याचं बिल पुढे गॅरेजमध्ये येतं.

अशा हायब्रिड इंजिनांना बॅटरीशी काही देणंघेणं नसतं. ब्लॉक एका इंजिनाचा आणि हेड दुसऱ्याचं, एवढाच मामला. सगळ्यात गाजलेली जोडी होंडाच्या बी मालिकेतली. होंडाने १९८९ मध्ये जपानी इंटेग्रात पहिलं व्हीटेक इंजिन, म्हणजे फेऱ्यांनुसार व्हॉल्व्हची वेळ आणि उघडीप बदलणारं इंजिन दिलं, १५९५ सीसीचं आणि १६० पीएसचं बी१६ए. अमेरिकेतल्या इंटेग्रा एलएसच्या वाट्याला १८३४ सीसीचं, व्हीटेक नसलेलं बी१८बी आलं. तिथल्या हौशी मंडळींनी एलएसच्या मोठ्या ब्लॉकवर व्हीटेकचं हेड चढवलं आणि ‘एलएस-व्हीटेक’ हा प्रकार रूढ झाला.

दोन्ही इंजिनांचा बोअर ८१ मिलिमीटर. घोळ इथेच सुरू होतो. बोअर सारखा असला की पिस्टन सिलिंडरमध्ये उतरतो, हे खरं. पण कॉम्प्रेशन नुसत्या बोअरवर ठरत नाही. पिस्टन एका फेरीत किती हवा ढकलतो आणि तो वर पोचल्यावर किती जागा उरते, यावर ते ठरतं. बी१६एचा स्ट्रोक ७७.४ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरची हवा सुमारे ३९९ सीसी. त्याचं कॉम्प्रेशन १०.२ धरलं तर वर उरणारी जागा होते ४३.३ सीसी. आता उरणारी जागा तेवढीच ठेवून खाली एलएसचा ८९ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक आणा. हवा ४५९ सीसी होते आणि कॉम्प्रेशन थेट ११.६ वर जातं. पिस्टन तोच, हेड तेच! त्यात कोणी अर्धा मिलिमीटर जाड गॅस्केट घातलं, तर जागा अडीच सीसीने वाढते आणि आकडा ११ वर उतरतो. मग पेटीवरचा आकडा नेमका कोणाचा? कंपनीने हिशेबासाठी जो क्रँक, जे हेड आणि जे गॅस्केट धरलं असेल, त्यांचा.

काही भाग मात्र खरोखर जुळतात, आणि तेही हिशेबानेच कळतं. एलएसचा कनेक्टिंग रॉड १३७ मिलिमीटर आणि अर्धा स्ट्रोक ४४.५, बेरीज १८१.५. इंटेग्रा टाइप-आरच्या बी१८सीचा रॉड १३७.९ आणि अर्धा स्ट्रोक ४३.६, बेरीज पुन्हा १८१.५. म्हणून टाइप-आरचा पिस्टन एलएसच्या रॉडवरही तेवढ्याच उंचीवर येऊन थांबतो. अमेरिकन टाइप-आरचं १०.६ कॉम्प्रेशन, हेड आणि गॅस्केट त्याचंच ठेवलं, तर इथे १०.८ च्या आसपास जातं.

खरं कॉम्प्रेशन कळण्याचा उपाय कंटाळवाणा आहे. मधोमध बारीक छिद्र असलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून हेडवर चिकटवायची आणि ब्युरेटने रंगीत द्रव सोडत चेंबर किती सीसीचं आहे ते मोजायचं. पिस्टनचा माथा आणि गॅस्केटही मोजायचं. मगच भागाकार करायचा.

आपल्याकडे या गोंधळात आणखी एक भर पडते. ‘अमेरिकेत ९१ च्या पेट्रोलवर चालतं, मग इथे का नाही?’ अमेरिकन पंपावरचा ९१ हा ऑक्टेनच्या रॉन आणि मॉन या दोन मापांची सरासरी असतो. नुसत्या रॉनमध्ये तो ९५-९६ च्या घरात जातो. भारतात साधं पेट्रोल म्हणून वर्षानुवर्षं विकलं गेलेलं ९१ निव्वळ रॉनचं. आकडा एकच, पट्टी वेगळी. अमेरिकन कृतीवरून बांधलेलं ११.६ चं इंजिन त्यावर नॉकिंग करणारच.

दुसरा लाडका समज असा, की व्हीटेक हेड बसलं म्हणजे इंजिन आठ हजारांवर फिरणार. हेड श्वास देतं; फिरण्याचा ताण सोसतात खालचे रॉड आणि त्यांचे बोल्ट. अमेरिकन इंटेग्रात एलएसची रेडलाइन ६८००, टाइप-आरची ८४००. ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे या दोन आकड्यांमध्ये सुमारे ५३ टक्क्यांनी. एलएसच्या क्रँकवर ८४०० फेऱ्यांना पिस्टनच्या दर १०० ग्रॅममागे रॉडला सुमारे ४६५ किलोची ओढ बसते. जुने बोल्ट पुन्हा घालून वर हे मागायचं म्हणजे कमाल आहे.

बाकीचे समज झटपट. ‘बेअरिंग काय, सगळी सारखीच’: होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ब्लॉक, क्रँक आणि रॉडवर ठोकलेल्या खुणा पाहून रंगानुसार बेअरिंग निवडायचं असतं, निळं सर्वांत जाड, लाल सर्वांत पातळ. ‘हेड बसलं की व्हीटेक आपोआप चालतं’: एलएसच्या ब्लॉकमध्ये व्हीटेकसाठी तेलाची वाटच नाही, ती बाहेरून नळीने द्यावी लागते. ‘आपल्या जुन्या सिटी व्हीटेकलाही हीच कृती लागू’: त्या गाडीत एका कॅमशाफ्टचं डी मालिकेचं इंजिन होतं, घराणंच निराळं. आणि ‘व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत, लागले असते तर आवाज आला असता’ म्हणणाऱ्यांनी पिस्टनच्या माथ्यावर चिकणमाती थापून, हेड घट्ट करून, टायमिंग बेल्ट लावून क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवावा. हेड उतरवून माती कापली, की सर्वांत पातळ जागी किती अंतर राहिलं ते दिसतं; इनटेकला साधारण २ आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर तरी हवं. आवाज येईपर्यंत व्हॉल्व्ह वाकलेला असतो.